विमान नांदेडला मुक्कामी राहिलं तरच

उदगीरच्या एका वाचकांचा प्रश्न असा: लातूरला धावपट्टी आहे, नांदेडला विमानं येतात-जातात. तरी मराठवाड्यातली विमानसेवा सुरू होते, बंद पडते, पुन्हा सुरू होते. एखाद्या छोट्या कंपनीने एटीआरसारखं सत्तरेक आसनांचं पंख्याचं विमान घेऊन नांदेड-लातूर-मुंबई सेवा नेटाने चालवायची ठरवली, तर नेमकं काय लागेल आणि घोडं कुठे अडतं?

उत्तर एका वाक्यात सांगता येईल, पण पटायला बाकीचं सगळं वाचावं लागेल. विमान रात्री नांदेडला मुक्कामी राहिलं, पहाटे इथून निघालं आणि रात्री इथे परतलं, तर सेवा टिकते. मुंबई किंवा हैदराबादहून दुपारी येऊन अर्ध्या तासात परत जाणारं विमान मराठवाड्यात टिकत नाही. प्रवाशांची सोय, उन्हातलं वजन, इंजिनिअरची हजेरी आणि अनुदानाचा हिशेब हे सगळे प्रश्न शेवटी या एकाच मुद्द्यावर येऊन ठेपतात.

आधी थोडा इतिहास. छोट्या शहरांना सवलतीच्या दरात विमानसेवा देणाऱ्या केंद्राच्या 'उडान' योजनेची पहिली विमानं २७ एप्रिल २०१७ रोजी निघाली, त्यात शिमला-दिल्ली आणि कडप्पा-हैदराबादबरोबर नांदेड-हैदराबाद हाही मार्ग होता. ट्रूजेट कंपनीचं एटीआर नांदेडहून हैदराबादला आणि मुंबईलाही जायचं. २०२२ च्या फेब्रुवारीत ती कंपनीच थांबली. त्यानंतर मोठा खंड पडला आणि ३१ मार्च २०२४ पासून स्टार एअरने आदमपूर (पंजाब)-हिंडन (दिल्लीजवळ)-नांदेड-बंगळुरू अशी सेवा सुरू केली. ही कहाणी एकट्या नांदेडची नाही. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार 'उडान'च्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालंच नाही. सुरू झालेल्या ३७१ पैकी फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षांची सवलतीची मुदत पूर्ण केली, आणि मुदत संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत ५४ च तग धरून होते. धावपट्टी बांधून सेवा टिकत नाही, हे या आकड्यांवरून दिसतंच.

आता वेळापत्रक. नांदेड ते मुंबई हवाई अंतर ४६५ किलोमीटरच्या आसपास. एटीआर ७२ ला दारं बंद झाल्यापासून उघडेपर्यंत सव्वा तास लागतो. पण या मार्गावर खरी स्पर्धा रेल्वेशी आहे. देवगिरीत रात्री बसलं की सकाळी मुंबईत उतरता येतं, एक रात्र हॉटेलशिवाय निभावते. ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारतही नांदेडपर्यंत आली आहे, ती साडेनऊ तासांच्या आसपास घेते. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाल्यापासून संभाजीनगर-जालन्याचा गाडीवाला तर विमानाचं नावही काढत नाही. अशा वेळी दुपारी दीडला नांदेडहून निघून पावणेतीनला मुंबईत उतरवणारं विमान कोणाच्या कामाचं? मंत्रालयातलं काम निम्मं उरकतं, टाटा रुग्णालयाची सकाळची ओपीडी हुकते, परतायला दुसरा दिवस उजाडतो. प्रवासी विमानाचे पैसे देऊन वर हॉटेलचेही भरतो.

त्याउलट हे पाहा: नांदेड सकाळी पावणेसात, मुंबई आठ. संध्याकाळी पावणेसातला मुंबई, रात्री आठला नांदेड. मधले दहा तास प्रवाशाचे. सकाळी गेलेला माणूस रात्री घरी जेवायला. या वेळापत्रकाला परभणी, हिंगोली, उमरखेड, पुसदचा प्रवासीही येतो, कारण पहाटे चारला निघून पोचता येतं आणि रात्री अकरापर्यंत घर गाठता येतं. मधल्या वेळात विमान मुंबईत उभं करायचं नाही. तिथून कोकण, खानदेश किंवा गुजरातच्या दोन-तीन फेऱ्या करायच्या. विमान भाड्याचं असतं, नव्या एटीआर ७२-६०० चं भाडं महिन्याला दीड लाख डॉलरच्या आगेमागे. ते विमान उडो न उडो द्यावंच लागतं. दिवसाला नऊ-दहा तास उडालं तर ताशी बोजा सोसवतो. अडीच तासच उडालं तर तिकीट कितीही लावा, पुरत नाही.

आठवड्यातून तीनच दिवस विमान ठेवण्याचा मोह कंपन्यांना होतो, कारण योजनेत तेवढ्या फेऱ्या चालतात. माझं स्पष्ट मत: आठवड्यातून सहा दिवस जमत नसेल तर सुरूच करू नये. सोमवार-बुधवार-शुक्रवारच्या विमानाने गेलेल्याला परतीसाठी दोन दिवस थांबावं लागतं. तो दुसऱ्यांदा रेल्वेचंच तिकीट काढतो, आणि तिसऱ्या महिन्यात कंपनी म्हणते, मागणीच नाही.

या वेळापत्रकाला सगळ्यात मोठा अडसर मुंबईचा. सकाळी आठ आणि संध्याकाळी पावणेसात हे तिथले ऐन गर्दीचे स्लॉट, म्हणजे उतरण्या-निघण्यासाठी नेमून दिलेल्या वेळा. एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या असल्या तरी एका वेळी एकच वापरात असते, त्यामुळे ७० जणांच्या पंख्याच्या विमानाला ती वेळ द्यायला कोणी राजी नसतं. नवी मुंबईहून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं सुरू झाली, हा या बाबतीत मोठा बदल आहे. नव्या कंपनीने आधी तिथला सकाळ-संध्याकाळचा स्लॉट हातात घ्यावा आणि मगच विमानाच्या करारावर सही करावी. उलट क्रमाने गेलेल्यांना दुपारच्या वेळा मिळतात आणि त्या वेळांनीच मार्ग मरतो.

हैदराबादबद्दल एक वेगळी गोष्ट. नांदेडहून ते हवाई अंतराने अडीचशे किलोमीटरच्या आत आहे. उड्डाण पाऊण तासाचं, पण दोन्हीकडचा विमानतळाचा वेळ धरला तर गाडी किंवा रेल्वेच्या तुलनेत फार काही वाचत नाही. तो मार्ग पुढचं विमान पकडणाऱ्यांसाठी चालतो, फक्त हैदराबादच्या दवाखान्यात जाणाऱ्यांच्या भरवशावर चालत नाही. हजूर साहिबचे भाविक मात्र नांदेडची हक्काची मागणी आहे. पंजाबच्या दिशेची विमानं भरतात ती त्यांच्यामुळे. पण तो लांबचा पल्ला जेटचा आहे, एटीआरने पंजाब गाठायचा विचार करू नये.

विमान कोणतं घ्यावं? यात दोन आकडे लक्षात ठेवायचे: ८० आसनं आणि ४०,००० किलो. देशांतर्गत वेळापत्रकाच्या सेवेतलं ८० पेक्षा कमी आसनांचं विमान असेल, तर विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर उतरण्याचं शुल्क लागत नाही. आणि पंख्याच्या विमानाला, तसंच कमाल उड्डाणवजन ४०,००० किलोच्या आत असलेल्या वेळापत्रकी विमानाला विकलेलं इंधन केंद्रीय विक्रीकर कायद्यात 'घोषित माल' आहे, म्हणून राज्याला त्यावर ५ टक्क्यांहून जास्त कर लावता येत नाही. इतरांना मुंबई-पुण्यात १८ टक्के. इंडिगोचं एटीआर ७८ आसनांचं आणि स्टार एअरचं एम्ब्रेअर १७५ हे ७६ आसनांचं का असतं, ते यावरून ध्यानात येईल. नऊ आसनांचं कॅराव्हॅन किंवा १९ आसनांचं डॉर्निअर कागदावर स्वस्त वाटतं, पण दोन वैमानिक, सुरक्षा, काउंटर आणि अग्निशमन यांचा खर्च आसनांच्या प्रमाणात कमी होत नाही. पाचशे किलोमीटरच्या पल्ल्यावर, जिथे रात्रीची रेल्वे आहे, तिथे लहान विमानाचं तिकीट परवडत नाही. मुंबईसाठी एटीआर ७२-६०० हेच योग्य.

आता उन्हाचा प्रश्न, कारण मराठवाड्यात याच्याइतकं कमी समजलेलं दुसरं काही नाही. लातूरचं विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण ६३० मीटरवर, म्हणजे दोन हजार फुटांच्या थोडं वर. त्या उंचीला प्रमाण तापमान ११ अंश धरतात. मे महिन्यात दुपारी ४२ अंश असेल, तर फरक ३१ अंशांचा. प्रत्येक अंशाला १२० फूट या ढोबळ नियमाने हवा विमानाला ५,८०० फुटांवरच्या हवेसारखी विरळ लागते. कळसूबाईच्या शिखराहूनही उंच. इंजिनाची ओढ कमी होते, पंखाला तोच भार उचलायला जास्त वेग लागतो, आणि एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एकावर ठरावीक चढण घेता आली पाहिजे ही अट वजनाला कात्री लावते. लोक म्हणतात, धावपट्टी वाढवा. पण अशा दुपारी एटीआरला बहुतेक वेळा धावपट्टीची लांबी नाही, तर ही एका इंजिनावरची चढण आडवी येते. लांबी वाढवून ती सुटत नाही.

आकडे मांडून पाहू. एटीआर ७२-६०० चं कमाल उड्डाणवजन २३,००० किलो. रिकामं विमान, कर्मचारी आणि खानपानासह १३,६०० किलो धरा. प्रवाशाचं प्रमाण वजन हातातल्या पिशवीसह ७५ किलो आणि सामान १५ किलो, म्हणजे माणशी ९० किलो. सत्तर जणांचे ६,३०० किलो. लातूर-मुंबई इंधन: प्रवासाला ६८०, त्यावर ५ टक्के म्हणजे ३५, मुंबई बंद झाली तर पर्यायी विमानतळाला जायला ३५०, अर्धा तास घिरट्यांना ३००, मुंबईच्या रांगेसाठी जादा २००, जमिनीवर ३०. सगळं मिळून १,६०० च्या जवळ. आता समजा त्या दुपारच्या तापमानाला किती वजन उचलता येतं हे दाखवणाऱ्या तक्त्यात उड्डाणवजन २२,००० किलोच बसतं. २२,००० वजा १३,६०० म्हणजे ८,४०० किलो. त्यातून इंधनाचे १,६०० गेले, उरले ६,८००. सत्तर जण सामानासह बसतात, वर ५०० किलो शिल्लक राहतात. छान.

पण कंपनीने ठरवलं की 'उडान' मार्गावर राज्याचा इंधनकर १ टक्का आहे, म्हणून परतीचंही इंधन इथूनच भरू. आणखी ६८० किलो. शिल्लक ५०० होती, आता १८० किलो जास्त झाले: दोन प्रवासी खाली. त्यात लग्नसराईतलं सामान. प्रत्येकी पाच किलो जादा काउंटरवर मुकाट्याने सोडले, तर आणखी ३५० किलो, म्हणजे चार जण. तिकीट काढलेल्या सहा जणांना फाटकातून परत पाठवायची वेळ अशी येते, आणि दोष मात्र उन्हावर ढकलला जातो. म्हणून नियम असा ठेवावा: मार्च ते जूनमध्ये दुपारच्या फेरीला परतीचं इंधन इथे भरायचं नाही, पहाटेच्या फेरीला भरायचं. सकाळी पावणेसातला २६-२७ अंश असतात, तेव्हा ही कात्री लागतच नाही. मुक्कामी विमानाचा हा दुसरा फायदा. दोन्ही फेऱ्या उन्हाच्या बाहेर पडतात.

इंधनाचं आणखी एक. लातूरला बाउजर, म्हणजे इंधन भरणारी टाकीगाडी, रोज उभा ठेवणं तेल कंपनीला परवडत नसेल, तरी सेवा अडत नाही. वरच्याच आकड्यांनी मुंबईहून निघताना १३,६०० अधिक ६,३०० अधिक २,२८० म्हणजे २२,१८० किलो होतात. समुद्रसपाटीवरून ते निघतं आणि लातूरला उतरताना २१,५०० च्या आसपास भरतं, उतरण्याची मर्यादा २२,३५० आहे. तेव्हा 'लातूरला पेट्रोल नाही म्हणून विमान नाही' हे कारण ऐकलं तर हा हिशेब पुढे ठेवावा. नांदेडला मात्र मुक्काम असेल तर बाउजर हवाच. भरण्याआधी तळाचा नमुना काचेच्या बरणीत घेऊन बघायचा, पाणी दाखवणारी कॅप्सूल लावायची, घनता नोंदवायची. दोन दिवस उभ्या राहिलेल्या अर्ध्या टाकीत रात्रीच्या गारव्याने पाणी धरतं. पावसाळ्यात ही तपासणी उरकण्यापुरती केली की एक दिवस महागात पडते.

एटीआर फलाटावर, म्हणजे विमान उभं करण्याच्या जागेवर, कसं हाताळायचं हे छोट्या ठिकाणच्या माणसांना नीट शिकवावं लागतं. या विमानाला जमिनीवर वीज आणि थंड हवा देणारं वेगळं छोटं इंजिन नसतं. उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक लावून इंजिन चालू ठेवतात, त्याला हॉटेल मोड म्हणतात. पंखा स्थिर, इंजिन चालू, आत थंडावा. २५ मिनिटांत ५० किलोच्या आसपास इंधन जातं. पण मागून जोराचा वारा असला की हॉटेल मोड वापरता येत नाही. म्हणून फलाटावरची उभं करण्याची रेघ उन्हाळ्यातल्या दुपारच्या वाऱ्याकडे नाक राहील अशी आखून घ्यावी. हे न केल्याने मे महिन्यात प्रवासी बंद हवेत उकडून निघतात, आणि एखादं म्हातारं माणूस घेरी येऊन पडलं की उड्डाणाला तासाचा उशीर. बाहेरून वीज देणारी गाडी, म्हणजे जीपीयू, चालू अवस्थेत असणं हा त्यावरचा दुसरा उपाय. तिची बॅटरी आठवड्याला तपासली नाही, तर नेमकी गरजेच्या वेळी ती दगा देते.

दुसरं, शेपटीचा टेकू. एटीआरमध्ये प्रवासी मागच्या दाराने चढतात आणि बरंचसं सामान पुढच्या कप्प्यात असतं. विमान उतरल्यावर हमालांनी घाईने पुढचं सामान काढलं आणि प्रवासी अजून मागे रांगेत उभे असले, तर वजन मागे जाऊन विमान शेपटीवर बसू शकतं. क्रम पाठ करून घ्यावा: आधी चाकांना अडणी, मग शेपटीखाली टेकू, मग मागचं दार, मागचे प्रवासी उतरल्यावर पुढचं सामान. चढवताना उलट, पुढचं सामान आधी. शेवटच्या मिनिटाला आलेली बॅग मागच्या कप्प्यात टाकली, तर तिचं वजन ट्रिम शीटवर, म्हणजे विमानात कुठे किती वजन आहे ते मांडणाऱ्या कागदावर, आलंच पाहिजे. वीस किलोनेही आकडा बदलतो.

आता जमीन. नांदेड-लातूरची काळी कापसाची माती पावसात फुगते आणि उन्हात हातभर भेगा टाकते. धावपट्टीखाली भराव चांगला असतो, पण कडेच्या पट्ट्यात आणि कुंपणाच्या पायात तीच माती असते. दोन पावसाळ्यांत भिंतीला तडा जातो, तडा पडला की कुत्री, रानडुकरं आणि रोही आत. धावपट्टीला समांतर टॅक्सी मार्ग नसेल, तर विमान उतरल्यावर टोकाला जाऊन जागच्या जागी वळतं. त्या वळणावर चाक पिळतं आणि उन्हाने मऊ झालेलं डांबर सोलून निघतं. सुटलेली खडी पंख्याच्या पात्यावर बसते. म्हणून वळणाच्या जागा काँक्रीटच्या करून घ्याव्यात. बाकी धावपट्टीला दहा वर्षं लागणारी झीज तिथे दोन वर्षांत दिसते.

रोज पहिल्या विमानाआधी एक माणूस जीपमधून पूर्ण धावपट्टी बघतो. त्याला कुठे बघायचं ते ठाऊक हवं. उन्हाळ्यात टिटव्या कडेच्या खडीतच अंडी घालतात. दिसतात खड्यांसारखीच, पण जोडी जीपवर झेप घेऊन ओरडायला लागली की जवळ घरटं आहे हे समजावं. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे निघतात, त्यांच्यामागे साळुंक्या आणि घारी येतात. त्या आठवड्यात फटाके आणि माणसं दुप्पट लावायची. गवत फार वाढलं तर उंदीर आणि साप, फार कापलं तर टिटव्या. मध्यम उंचीवर राखायचं. जवळच्या वस्तीत मांसाचा कचरा उघड्यावर पडत असेल, तर घारींचा बंदोबस्त विमानतळाच्या आत होत नाही, ग्रामपंचायतीत जाऊन बसावं लागतं.

धावपट्टीच्या टोकापलीकडचा अडथळा हा मराठवाड्याचा जखमेचा विषय आहे. २६ एप्रिल १९९३ ला संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ टोकापलीकडच्या रस्त्यावरच्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं. ११८ पैकी ५५ जण गेले. चौकशीत नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं हे कारण निघालंच, पण उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक थांबवली नव्हती हेही नोंदवलं गेलं. आज नियम असा आहे की उड्डाणाच्या दिशेला टोकापुढच्या ६० मीटरपासून २ टक्के चढाची काल्पनिक पातळी मोकळी हवी. म्हणजे टोकापासून ५६० मीटरवर १० मीटरपेक्षा उंच काही नको. उसाची भरलेली ट्रॉली त्यात बसते, पण मोबाइल टॉवर, पाण्याची टाकी आणि वीस वर्षांचं निलगिरीचं झाड बसत नाही. झाड वाढतं तसं विमानाचं अनुज्ञेय वजन घटतं, हे शेतकऱ्याला कोणी समजावून सांगत नाही. मोबदला देऊन झाडं दर दोन वर्षांनी छाटावीत, एवढाच उपाय आहे.

अग्निशमनाचा दर्जा विमानाच्या लांबीवरून ठरतो. एटीआर ७२ ची लांबी २७.१७ मीटर, म्हणून पाचवी श्रेणी. आग विझवणाऱ्या 'ब' दर्जाच्या फेसासाठी ५,४०० लिटर पाणी. एम्ब्रेअर १७५ हे ३१.६८ मीटर, म्हणून सहावी श्रेणी, ७,९०० लिटर. विमानांची ये-जा कमी असेल, वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या सलग तीन महिन्यांत ७०० पेक्षा कमी, तर एक श्रेणी खाली चालते. गाडी असते, पण सेवा सकाळ-संध्याकाळची झाली की चालक आणि फायरमन दोन पाळ्यांत लागतात. 'उडान' विमानतळांवर सुरक्षा आणि अग्निशमन राज्याने विनामूल्य द्यायचं आहे. तेव्हा दुसऱ्या पाळीच्या मंजुरीचा कागद आधी जिल्हाधिकारी कार्यालयातून हलवून घ्यावा. वेळापत्रक तयार, स्लॉट हातात, आणि दुसरी पाळी मंजूर नाही म्हणून विमानतळ संध्याकाळी सहाला बंद, असं होऊ देऊ नका.

हाच मुद्दा दिव्यांचा. ज्या विमानतळाचा परवाना केवळ डोळ्याने बघून उतरण्यापुरता आहे, तिथे दृश्यमानता ५ किलोमीटर लागते आणि सूर्यास्तानंतर २० मिनिटांनी दुकान बंद. डिसेंबरात नांदेडला सूर्य सहाच्या आत मावळतो. रात्री आठचं विमान हवं असेल, तर धावपट्टीचे दिवे, उतरण्याचा कोन दाखवणारे 'पापी' (PAPI) नावाचे दिवे, खात्रीचा जनरेटर आणि उपग्रहाधारित उतरण्याची पद्धत छापून आलेली असली पाहिजे. सकाळी धुकं आणि उसाचं पाचट पेटवल्याचा धूर मिळून दृश्यमानता दीड-दोन किलोमीटरवर येते. ही अडचण डिसेंबर-जानेवारीतल्या मोजक्या दिवसांची आहे, तिच्यावर तोडगा सोपा: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी वेळापत्रक बदलतं, त्यात निघायची वेळ पावणेसातऐवजी पावणेआठ मागून घ्यावी. रोज दोन तास उशीर करण्यापेक्षा जाहीर केलेली उशिराची वेळ प्रवासी आनंदाने स्वीकारतो.

मुक्कामी विमानाची दुसरी बाजूही सांगायला हवी. रात्री बिघाड निघाला तर सुटे भाग मुंबईत. म्हणून एक परवानाधारक इंजिनिअर नांदेडला कायम, आणि एक पेटी: मागचं एक आणि पुढचं एक चाक, एक ब्रेक, इग्नायटर, इंजिनाचं तेल, हायड्रॉलिक तेल, आणि नायट्रोजनचा भरलेला सिलिंडर. शेवटची गोष्ट सगळ्यात स्वस्त, पण फसवणारी. चाक आहे पण भरायला नायट्रोजन नाही, म्हणून सकाळची फेरी रद्द होते. काही बिघाड ठरावीक मुदतीपर्यंत पुढे ढकलता येतात, तीन दिवस किंवा दहा दिवस. ती मुदत मुक्कामाच्या रात्री वापरून दुरुस्ती उरकायची, शेवटच्या दिवसापर्यंत ताणायची नाही. एका विमानामागे वैमानिकांच्या किमान पाच जोड्या, आणि नांदेडला त्यांच्यासाठी शांत झोप मिळेल असं राहण्याचं ठिकाण. बँडबाजाच्या मंगल कार्यालयाशेजारचं हॉटेल घेतलं, तर विश्रांतीचे तास कागदावर भरतात आणि सकाळी वैमानिक थकलेलाच येतो.

पैशाचा हिशेब आता थोडक्यात. 'उडान'मध्ये निम्मी आसनं सवलतीची, सत्तरात पस्तीस. मूळ योजनेत तासाभराच्या उड्डाणाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. पस्तीस जणांचे ८७,५०० होतात. मुंबईच्या फेरीला प्रवासाचं इंधन ८०० किलो, म्हणजे हजार लिटर. किलोलिटरला ९०,००० धरले तर ९०,००० रुपये. सवलतीच्या आसनांचं सगळं भाडं मिळून एकट्या इंधनालाही पुरत नाही. बाकी खर्च उरलेली पस्तीस आसनं आणि तूट भरून काढणारं अनुदान यांतून निघतो. अनुदानात केंद्राचा वाटा ८० टक्के, राज्याचा २०, मुदत तीन वर्षं. ते उडालेल्या फेरीचंच मिळतं, रद्द फेरीला शून्य. म्हणून महिन्यात चार फेऱ्या रद्द झाल्या की तिकिटाबरोबर अनुदानही जातं, आणि हातात तीन महिन्यांचा खर्च नसलेली कंपनी तिथेच कोलमडते. पहिल्या दिवसापासून चौथ्या वर्षाचा विचार हवा: उरलेली पस्तीस आसनं पूर्ण भाड्याने भरायची सवय प्रवाशाला तीन वर्षांतच लावावी लागते, आणि ती फक्त वेळ पाळल्याने लागते.

लातूरची सुरुवात कशी करावी? वेगळं विमान नको. नांदेडच्या मुक्कामी विमानाने पहिले सहा महिने फक्त नांदेड-मुंबई चालवावं. दिवे, दुसरी पाळी आणि परवाना लातूरला झाला की आठवड्यातून दोन दिवस सकाळची फेरी नांदेड-लातूर-मुंबई करावी, वाढीव वेळ पाऊण तास. उदगीर, अहमदपूर, निलंग्याचे किती जण चढतात ते सहा महिने मोजावं. सरासरी तीसच्या वर गेली, तर लातूरला स्वतःची फेरी द्यायची वेळ आली असं समजावं. तोवर उदगीरकरांनी आमदारांकडे विमानाऐवजी तीन गोष्टी मागाव्यात: धावपट्टीचे दिवे, अग्निशमनाची संध्याकाळची पाळी, आणि टोकापुढच्या झाडांच्या छाटणीसाठी दर दोन वर्षांची तरतूद.